छप्पन्न भोकांचा पाळणा

१२ जानेवारी १९८७, सोमवार

गिरमिट हातातून पडलं. आज तिसऱ्यांदा. फळी पायाखाली दाबली, डाव्या हाताने मूठ धरली, फिरवायला गेलो तर गिरमिट एकीकडे आणि मी एकीकडे. त्याला दोन हात लागतात. अठरा वर्षं आश्रमशाळेतल्या पोरांना हेच शिकवलं — दोन्ही हातांनी धर रे, नाहीतर भोक वाकडं जाईल. आज स्वतःला शिकवलं.

उजवा हात मांडीवर पडून होता. जेवायला बोलावलेला पाहुणा जसा कामाला हात लावत नाही, तसा.

जुलैत लकवा मारला. वर्ग चालू होता. करवत खाली पडली आणि मी पोरांवर ओरडलो, कोणी पाडली म्हणून. माझ्याच हातातली होती. सहा महिने झाले. पाय परत आला, जीभ परत आली, हात आला नाही. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणतात, डाव्या हाताने रोज लिहीत जा. म्हणून ही वही. अक्षर बघून पहिलीतलं पोर माझी कीव करेल.

१४ जानेवारी

यशूचं पत्र आलं. सहावा सरत आला. फेब्रुवारीत बाळंतपणाला इकडे येते म्हणते, जावई आणून सोडणार. तो बल्लारशाला रेल्वेत आहे, पास आहे, पण रेल्वे आमच्या गावापर्यंत येत नाही. पुढे एस.टी. आणि शेवटी पाय.

पाळणा करायचा. माझ्या हाताने. ठरलं.

१५ जानेवारी

आकृती काढली. डाव्या हाताने रेघ सरळ येत नाही, पट्टी घसरते, पट्टीवर डबा ठेवून काढली. लांब बाजूंना नऊ-नऊ दांड्या, आखूड बाजूंना पाच-पाच. अठ्ठावीस. प्रत्येकीला खाली एक भोक, वर एक. छप्पन्न भोकं, अर्ध्या इंचाची.

छप्पन्न! आमच्या लोकांना लक्षात ठेवायला सोपा आकडा. छप्पन्न साली बाप बैलगाडीने वरोऱ्याला गेला, तिथून रेल्वेने नागपूरला, आणि बौद्ध होऊन परत आला. घरातले देव आईने स्वतः नदीत सोडले. ‘आता कोणाले भ्याचं काम नाई’ म्हणाली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. त्यानंतर आमच्या घरात कोणी कशाला भ्यालं नाही.

अंजनाला सांगितलं. आमचं घर म्हणजे सरकारी क्वार्टर, दोन खोल्या आमच्या आणि तिसरी तिचा दवाखाना. ती उपकेंद्राची नर्स. बाकीचं गाव तिला नर्सबाई म्हणतं आणि मला नर्सबाईचा मास्तर. ती तेव्हा टेबलावर लोखंडाच्या गोळ्या मोजत होती.

‘पाळणा काऊन? झोळी आहे ना. लुगड्याची झोळी बांधू.’

सुतारमास्तरच्या नातवाला झोळी! मी म्हणालो, शिवणीच्या झाडाच्या फळ्या माळ्यावर पडल्या आहेत, दोन वर्षं वाळलेल्या, असं लाकूड आता शोधून मिळत नाही.

‘तेच लाकूड? त्या टाइमचं?’

तेच, म्हणालो. ती गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

मला कळतं. हिला माझ्या हाताचा भरवसा नाही. एका हाताचा माणूस पाळणा करणार आणि त्यात पोर ठेवायचं. मी तिच्या जागी असतो तर मीही झोळीच म्हणालो असतो. तरी लागलं मनाला.

१६ जानेवारी

‘त्या टाइमचं’ म्हणाली ते लिहून ठेवतो. एकदाच लिहितो.

पहिला पाळणा पंच्याऐंशीत केला होता. दोन्ही हातांनी. यशूचं पहिलं बाळंतपण. दोन महिने आधीच तयार करून छताच्या मयालीला टांगला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. बल्लारशाला, दवाखान्यात पोर झालं. रडलंच नाही. दोष कोणाचा नाही. आम्ही परत आलो तर घरात पाळणा टांगलेला. चार दिवसांनी बघतो तर चुलीपुढे त्याच्या दांड्या. अंजना एकेक आत सरकवत होती.  त्याच जाळावरचा भात दोघांनी खाल्ला.

फळ्या उरल्या होत्या त्या ह्याच.

१९ जानेवारी

मंगरू आला होता. शेजारी. गोंड माणूस, साठीचा असेल, कुऱ्हाडीच्या दांड्यापासून मासे धरायच्या सापळ्यापर्यंत सगळं घरी करतो. खिळा म्हणून लावत नाही कुठे. माझी आकृती उलटी धरून बघितली.

‘भोक पाडाले मशीन काऊन लागते मास्तर? सळाख तापव, लाव, झालं.’

लगेच आमच्याच चुलीत लोखंडी सळाख तापवून बांबूला लावून दाखवली. सुरेख गोल भोक. मग शिवणीच्या तुकड्यावर लावली. काळं, वेडंवाकडं, कडा जळक्या. बासरीला चालेल, पाळण्याची दांडी त्यात खुळखुळेल. मंगरूलाही पटलं. म्हणाला, ‘तुह्या लाकडाचं तोंड नाजूक आहे.’ मग अंजना आली आणि घरभर झालेल्या धुराबद्दल आम्हा दोघांना बोलली. मंगरू तिला भितो. सळाख गरम होती तशीच घेऊन पळाला.

२१ जानेवारी

ड्रिल पाहिजे. एका हाताचं. असं काही असतं का माहीत नाही.

शाळेत चाकाचं हातड्रिल आहे. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने चाक फिरवायचं. पुन्हा दोन हात. जगातली सगळी हत्यारं दोन हातांच्या माणसांनी बनवली आहेत, हे मला पंचेचाळीसाव्या वर्षी समजलं.

विजेचं एका हाताने चालतं. पण वीज? तीन वर्षांपूर्वी गावात खांब आले. तारा यायच्या आहेत. खांबांना सध्या बकऱ्या बांधतात.

२७ जानेवारी

आज कमाल झाली. म्हणजे अर्धी.

पोचू आला. सिरोंच्याकडचा, तीन वर्षं दुबईत होता, आता जीप चालवतो आणि तिकडून आणलेलं एकेक सामान बाजाराबाजारात विकतो. कोणीतरी त्याला सांगितलं, मास्तरला ड्रिल पाहिजे. पिशवीतून पिस्तुलासारखं काहीतरी काढलं.

‘बिना वायरचं, मास्तर. आत बॅटरी हाय. खाली बटन दाबा.’

डाव्या हातात घेतलं. जड, पण पेलवलं. एक टाकाऊ फळी बाकाच्या शिकंज्यात होती. बटन दाबलं. घर्र करून पातं आत गेलं आणि पलीकडे निघालं. भोक! सरळ! सहा महिन्यांनंतर पहिलं.  पोचूसमोर डोळे भरले आणि मी भुसा गेला म्हणून सांगितलं.

सात भोकं पाडली. आठव्याला ते मंद झालं, नवव्याला लाकडातच बसलं, चढावर बसणाऱ्या बैलासारखं.

‘चार्जिंग खतम. रातभर करंटले लावा लागते.’

करंट कुठे? मुलचेऱ्याकडच्या बंगाली लोकांच्या भातगिरणीवर, दोन कोस. आणि ही बॅटरीच मेली तर? ‘तं मंग दुबईले जा लागते’ म्हणाला आणि स्वतःच हसला. नऊशे रुपये सांगितले. मला निम्मा पगार. नऊशेत पाळणे चार येतात, पाळणाघर निघतं.

परत दिलं. पण बोट दिवसभर बटनावरच आहे असं वाटत होतं.

२८ जानेवारी

अंजनाला पोचूच्या ड्रिलचं सांगितलं. वाटलं बरं वाटेल तिला. म्हणाली, ‘काय घाई आहे एवढी? पाळणा बाराव्या दिवशी लागते.’

बाराव्या दिवशी बसून मी काय जादू करणार आहे?

४ फेब्रुवारी, बुधवार

काल चंद्रपूर. पाच तास एस.टी., मागचं सीट. आज अंग मोडून आलं आहे, पण लिहिलंच पाहिजे.

आधी दवाखाना. डॉक्टरांनी हाताला सुई टोचून बघितली. मी डोळे मिटून होतो. ‘टोचलं?’ म्हणाले. मी विचारलं, ‘केव्हा?’ ते फक्त ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ ऐकायला पाच तास जायचे आणि पाच तास यायचे.

मग हार्डवेअरचं दुकान. मी आत, अंजना पायरीवर. दुकानदाराने आधी विजेचं दाखवलं, मग चाकाचं. मी उजवा हात दाखवला. तो मागे गेला आणि धुळीने भरलेली एक मोठी वस्तू घेऊन आला.

‘हे पाहा. आता कोणी घेत नाई हे. पयले लोहार लोकं नेत होते.’

छातीचं ड्रिल! मी ऐकलं होतं, हाताळलं नव्हतं. वर वाकडी लोखंडी पट्टी, ती छातीला लावायची आणि अंगाचा भार द्यायचा. बाजूला चाक, ते फिरवायचं. दाब छातीचा, फिरवणं डाव्याचं. फक्त दुसऱ्या बाजूला एक मूठ असते, ड्रिल हलू नये म्हणून धरायची. ती उजव्या हाताची.

मी तसाच उभा राहिलो. छाती आहे, डावा आहे, ही एक मूठ नाही. ड्रिल गोल फिरायला लागलं. दुकानात चार गिऱ्हाईकं बघत होती. ठेवून देणार, तेवढ्यात अंजना पायरीवरून उठली. पिशवीतून बँडेजची पट्टी काढली, माझा उजवा हात उचलला, बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली आणि बांधली. दोन गाठी. नर्सच्या गाठी, सुटत नाहीत.

‘आता पाहा,’ म्हणाली.

मेलेला हात नुसता लटकला तरी त्याचं वजन असतं. ड्रिल हललं नाही. दुकानदाराच्या लाकडाला भोक पडलं. एकशे साठ रुपये. अर्ध्या इंचाचं बिट, म्हणजे भोक पाडायचं पातं, त्याच्याकडे एकच होतं, ते घेतलं. पैसे अंजनाने दिले. माझ्या बाजूने ती कधी होते आणि कधी विरुद्ध, मला चोवीस वर्षांत समजलेलं नाही.

बाहेर पडताना म्हणाली, ‘पयले माह्या दवाखान्यातल्या खुंट्या करा.’

७ फेब्रुवारी

खुंट्या. पाच.

११ फेब्रुवारी

खुंट्या बारा. शिवाय औषधं मांडायचं कपाट, त्याच्या दोन फळ्या. छातीवर पट्टीचा निळा वळ उठला आहे. अंजना तेल लावते आणि दुसऱ्या दिवसाचं काम सांगते. आता पाट करा. आता स्टुलाचा पाय बघा. पाळणा म्हटलं की, ‘हात तं बसू द्या आधी.’

हात बसला आहे. पण हिला पक्कं हवं असेल. बरोबर आहे तिचं.

१६ फेब्रुवारी

दवाखान्यात सोनीबाई आली होती, मंगरूची सून. आठवा चालू आहे. मी दाराशी स्टूल जोडत होतो, सगळं ऐकू येत होतं. अंजना तिला सांगत होती की बाळासाठी स्वच्छ धुतलेले कपडे आधीच काढून ठेव. सोनीबाई नाही म्हणाली. पोर यायच्या आधी त्याची वस्तू घरात ठेवत नाहीत.

अंजना कडाडली. ‘कपडा आणला तं काय आभाळ पडते का? कपडा पाहून पोर मरते का कुठी? हे सगळं डोक्यातून काढा लागते बाई!’

मला अभिमान वाटला. गावात तिच्याएवढी निडर बाई नाही. अमावास्येला जंगलातून एकटी जाते. लोकांच्या गळ्यातले गंडे स्वतःच्या कात्रीने कापते.

२० फेब्रुवारी

यशू आली. पोट मोठं, चेहरा लहान झाला आहे. भिंती बघून म्हणाली, ‘बाबा, खुंट्यांचं दुकान काढलं का?’

सतरा खुंट्या आहेत. घरात टांगायला तेवढे कपडे नाहीत.

तिच्या आईने तिला पाळण्याबद्दल सांगितलंच नव्हतं. मी फळ्या दाखवल्या. यशूने शिवणीवरून हात फिरवला, वास घेतला. ‘करा बाबा,’ म्हणाली. बस एवढंच. मला तेवढं पुष्कळ आहे.

१ मार्च, रविवार

सुरुवात! खालच्या चौकटीला सहा भोकं. हात यशूने बांधून दिला. गाठी आईसारख्याच मारते.

३ मार्च

अठरा झाली. सरळ. एकही वाकडं नाही. शाळेतल्या पोरांना बोलावून दाखवावं असं वाटतं.

४ मार्च

बिट नाही.

काल संध्याकाळी काढून बाकावर ठेवलं, फडक्यावर. सकाळी फडकं आहे, बिट नाही. बाक हलवला. भुसा चाळणीने चाळला. अंजनाही खाटेखाली वाकून बघत होती. ‘ठेवलं असान कुठी तरी,’ म्हणाली.

मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे ठेवलं नाही, असं आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

६ मार्च

नाही.

९ मार्च

शाळेतून दुसरं बिट आणलं. लहान आहे. दांडी जात नाही. दांड्या तासून बारीक केल्या तर मोडतील. एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला, चंद्रपूरहून आण. तो म्हणतो दुकानात त्या मापाचं संपलं, नागपूरहून येईल. म्हणजे यायचं नाही.

१६ मार्च

होळी झाली. काही लिहावंसं वाटत नाही. हात गेला ते समजलं होतं. आता डोकंही चाललं. ठेवलेली वस्तू आठवत नाही. काल गोळी घेतली की नाही तेही आठवेना, अंजनाला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ही माझी कीव करायला लागली आहे. सगळं चालेल, ते चालणार नाही.

मंगरू म्हणतो सळाख. अंजना म्हणते पोरगी पोटुशी, घरात धूर नको.

२० मार्च

बसून आहे. अठरा भोकांची एक चौकट भिंतीला टेकलेली. दिवस मोठे झाले आहेत.

२८ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

अंजना गोळ्या वाटायला दुसऱ्या टोल्यावरच्या वस्तीत गेली होती. यशू अंगडं शिवत होती, दोरा तोडायला कात्री मागितली. घरची सापडेना. दवाखान्यात गेलो. बाळंतपणाच्या पिशवीत तिचा पत्र्याचा डबा असतो, नाळ कापायची कात्री त्यात. त्याला आम्ही कोणी हात लावत नाही. एका कात्रीपुरतं काय, म्हणून उघडला.

कात्री. दोरा. कापूस. आणि जाळीच्या पट्टीत गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं. बिट. गंजू नये म्हणून तेल लावलेलं.

मी तिथेच तिच्या टेबलाजवळ बसलो. आधी राग आला. इतका की हात असता तर काहीतरी फेकलं असतं. चोवीस दिवस! चोवीस दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो आणि ही माझ्याबरोबर खाटेखाली वाकून शोधत होती.

मग ते तेल दिसलं. फेकून द्यायचं असतं तर विहिरीत टाकलं असतं. तेल लावून कोणी टाकून देत नाही. आणि मग एकामागून एक आठवत गेलं. ‘तेच लाकूड?’ सतरा खुंट्या. बाराव्या दिवशी लागते. चुलीपुढच्या दांड्या.

ती आली तेव्हा मी तिथेच होतो, बिट मांडीवर. तिने चप्पल काढली, पिशवी ठेवली, पाणीही प्यायली नाही. 

‘मले माहीत आहे का ते खोटं आहे,’ म्हणाली. ‘बायांले मीच सांगतो. माह्यावर हसतीन त्या. पर त्या टाइमले पाळणा तयार होता, अन् पोर नाई आलं. अन् आता तेच लाकूड. रोज एकेक भोक पडून राह्यलं अन् मी आतून मोजतो. मी काय करू?’

मी म्हणालो, मला वाटलं तुला माझ्या हाताचं भय वाटतं.

‘तुमच्या हाताचं भेव असतं तं दुकानात बांधला असता का म्या?’

मग ती रडली. चोवीस वर्षांत मी तिला दोनदा रडताना बघितलं, हे दुसरं.  खोटं आहे हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, रोज दहा बायांना पटवते. मी डाव्या हाताने तिचा हात धरला.  

बिट पुसलं आणि परत तिच्या डब्यात ठेवलं. तिच्यासमोर. म्हणालो, तुझ्याजवळ राहू दे. पाळणा नाही झाला तरी चालेल.

हे म्हणताना खरं वाटत होतं. आता लिहिताना तेवढं खरं नाही. पण म्हणालो, ते बरं केलं.

२९ मार्च

यशूला काही सांगितलं नाही. कात्री सापडली नाही म्हणालो. तिने दोरा दाताने तोडला.

३१ मार्च

सकाळी उठलो तर बिट बाकावर. फडक्यावर, जिथे होतं तिथेच. अंजना चुलीशी, पाठ माझ्याकडे.  हात तिने बांधून दिला. तिसरी गाठ जास्तीची मारली.

४ एप्रिल

एकतीस. ऊन फार. मोहाच्या फुलांचा वास घरात भरून राहतो, यशूला मळमळतं. मी भोक पाडायला लागलो की अंजना उठून दवाखान्यात जाते. पण जाते, थांबवत नाही.

८ एप्रिल

चोपन्न. वरच्या चौकटीची दोनच राहिली. मंगरू येऊन दांड्या हलवून बघतो. एकही हलत नाही. ‘जमलं बा,’ म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे फार. सोनीबाईला पोरगा झाला, चांगला आहे. कपडा आधी आणला नव्हता. अंजनाने यावेळी स्वतःचं जुनं लुगडं फाडून दिलं.

१० एप्रिल, शुक्रवार

पंचावन्न.

ड्रिल खाली ठेवलं. पाळणा उभा केला. सत्तावीस दांड्या. एका कोपऱ्यात फट, दाताच्या फटीसारखी. अंजना पाणी घेऊन आली, बघत उभी राहिली. मोजत होती, ओठ हलत होते.

‘एक राह्यलं.’

राहू दे, म्हणालो. हा पाळणा तयार नाही. एक भोक कमी म्हणजे नुसतं लाकूड आहे. पोर आल्यावर पाडू.

ती खाली बसली. पाण्याचा तांब्या तिच्याच हातात राहिला. ‘तुमी नाई मानत ना पर हे?’ म्हणाली.

नाही मानत, म्हणालो. पण त्याने माझं काय जातं? एकच तर भोक आहे.

जयंती झाली की पंधराला यशूला चंद्रपूरला न्यायचं ठरलं आहे. पोचूच्या जीपने. तारीख वीसच्या आसपास.

१२ एप्रिल, सकाळ

वीस तारखेची वाट कोणी बघितली नाही. सहा वाजल्यापासून कळा. पोचूची जीप सिरोंच्याला गेलेली. मंगरू मुलचेऱ्याला दुसरी बघायला गेला, दोन कोस पायी. अंजना म्हणाली, जीप येईपर्यंत हे पोर थांबत नाही. पिशवी उघडली, डबा उकळायला ठेवला.

यशू आत. मी बाहेर, बाकाजवळ. करायला काही नाही म्हणून लिहितो. भिंतीपलीकडून अंजनाचा आवाज येतो, गावातल्या बायांशी बोलते तसाच, दमदाटीचा. यशूचा आवाज मध्येच थांबतो. थांबला की मी लिहायचं थांबतो.

आत्ता लक्षात आलं, मी मघापासून पाळण्याकडे पाठ करून बसलो आहे. मी!

१२ एप्रिल, दुपार

मुलगी. लगेच रडली. अजून रडते आहे.

अंजना बाहेर आली. कोपरापर्यंत धुतलेले हात, ओलेच.  बाकावरचं ड्रिल उचललं, लोखंडी पट्टी स्वतःच्या छातीला लावली.

‘कुठी?’ म्हणाली.